सोनीचं बाळंतपण

माह्या दुकानात कोणतीही वस्तू विकायची म्हणजे आधी ती माह्या नाकाखालून जाते. सरकीची ढेप असो, कोंबड्यायचा दाणा असो, बकऱ्यायचं खाद्य असो, मी वास घेते, मुठीत दाबून पाहते, पाण्यात टाकून ठेवते, अन् मनाले पटलं नाही तर आणणाऱ्याले त्याच पावली वापस धाडते. घाटंजीच्या बाजारात लोक मले 'तिखट दीपमाला' म्हणतात, मले काय माहीत नाही? म्हणू द्या. बुरसटलेली ढेप विकून गोड म्हणवून घेण्याची मले हौस नाही.

तर खेमसिंग मांजरायचं खाद्य घेऊन दुकानात आला तेव्हा मी त्याले आधी दारातच उभं ठेवलं. खेमसिंग म्हणजे इथल्याच तांड्यावरचा पोरगा, एका नव्या कंपनीची गाडी चालवते अन् तिचाच माल विकते. खाद्याचं नाव 'मनीमौज'. पुडक्यावर डोळा मारणारी मांजर.

"ताई, मोठ्या कंपनीच्या निम्म्या भावात आहे," तो म्हणला. "आता घाटंजीत घरोघरी लंब्या केसायच्या मांजरी आल्या. बँकवाले, मास्तर लोक, सगळ्यायले खाद्य पाहिजे. महागडं कोणाले परवडते?"

बात खोटी नोती. माह्याच दुकानात लोक विचारून जात. पण कंपनीची एक अट होती. दुकानदारानं महिनाभर आपल्या घरच्या मांजरीले हे चारायचं, अन् मग मोबाईलसमोर उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं, कसं वाटलं. तो व्हिडिओ कंपनीले पसंत पडला की तालुक्याची एजन्सी आपली.

"भाऊ, महिनाभर पाहते," मी म्हणलं, "पण जे दिसन तेच बोलीन. माह्या तोंडात शब्द घालायले येऊ नका."

"तेच पाहिजे ताई. तुमच्या तोंडाची गॅरंटी तर सारा बाजार देते," असं म्हणून हसला लेकाचा.

आमच्या घरी मांजर आहे म्हणूनच तो माह्याकडे आलता. आमच्या घरी म्हणजे माह्या सासूची, रुखमाबाईची. तिचं नाव सोनी. हळदीच्या रंगाची, एवढाल्या केसायची, शेपूट तर अशी की झाडू मारून घ्यावा. सासूच्या भाच्यानं नागपूरवरून पिल्लू आणून दिलतं. "मादी आहे काकू," म्हणला, अन् सासूनं तिथल्या तिथं सोनी नाव ठेवलं, गळ्यात लाल फीत बांधली. विषय संपला. मांजरीच्या शेपटीखाली वाकून कोण कायले पाहते?

सासूबद्दल सांगितलं पाहिजे. ती दाई होती. आजूबाजूच्या खेड्यायतली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मली. आता गाडी फोनवर येते अन् बाईले दवाखान्यात घेऊन जाते, ते चांगलंच आहे, पण रुखमाबाईचे हात रिकामे झाले. त्यात सासरे गेले. माह्यासंग ती कामापुरतं बोले. 'भाजीत मीठ कमी आहे,' 'विक्की ड्युटीवर गेला काय,' एवढंच. विक्की माहा नवरा, एसटीवर ड्रायव्हर, घरी कमी अन् रस्त्यावर जास्त. पण सोनीसंग सासू दिवसभर बोले. सोनी जेवली की ती जेवे. सोनी भिंतीवरून उशिरा आली तर ओट्यावर बसून राहे. मी मनात म्हणे, एवढा जीव माणसावर लावला असता तर काय बिघडलं असतं? पण एक खरं, त्या मांजरीले काही झालं तर ही बाई उठून उभी राहणार नाही, हे मले पक्कं माहीत होतं.

मनीमौजचं मी बारीक पाहिलं. दाणा नखानं फोडला, रंग हाताले लागत नोता. पाण्यात टाकला, पाणी थोडंसं तपकिरी झालं. वास सुकटीचा, पण सडका नाही. शेवटी दातानं एक दाणा फोडून पाहिला. ढेपही मी चाखून पाहते, त्यात काय लाजायचं? दाणा खारट लागला. खेमसिंगले फोन करून विचारलं तर म्हणे, चवीसाठी असते ताई. सोनी मात्र तुटून पडली. केसायवर चमक आली, राखेच्या टोपल्यात घाण बांधलेली पडे, अंगही भरलं. मी मनातल्या मनात पास करून टाकलं.

मग शेवटच्या आठवड्यात तिचं पोट दिसायले लागलं. सासूनं मांडीवर घेऊन बोटं फिरवली अन् तिचा चेहरा असा उजळला की मले ओळखूच आली नाही.

"भरली वं," ती म्हणली. "मागच्या वाड्यातला काळा बोका कायले फिरून राह्यलता, आता समजलं."

दाईनं सांगितलं, मग शंका कोण घेणार? तिनं शेजारीपाजारी पिलं वाटूनही टाकली. निलोफरच्या घरी एक, मथुराबाईच्या घरी एक. मी हसत होती.

व्हिडिओ काढायचा दिवस नेमका बाजाराचा होता. सकाळपासून दुकानात गर्दी. सोनी उजाडल्यापासून राखेच्या टोपल्यात जाऊन बसे, अंग आवळे, ओरडे, बाहेर येऊन शेपटीखाली चाटे, अन् पुन्हा टोपल्यात. सासूनं एकदा पाहिलं अन् पदर खोचला.

"कळा आल्या."

मागच्या खोलीत कोपऱ्यात जुनं लुगडं आडवं बांधलं, आत गोधडीचा तुकडा टाकला, सोनीले उचलून तिथं ठेवलं अन् मले बाहेर काढलं. "कोणी इकडे पाहायचं नाही. बाळंत होणाऱ्या मांजरीवर नजर पडली की ती पिलं खाऊन टाकते." किती वर्षायनं तिच्या आवाजात असा जोर आलता. मले खरं सांगायचं तर बरंच वाटलं. म्हणलं, होऊ दे तिच्या मनासारखं.

दुपारी खेमसिंगची गाडी दारात लागली. आत येताच त्याले बातमी समजली अन् तो नाचायचाच बाकी राहिला. "याडी, तुह्या तोंडात साखर!" तो पडद्याकडे पाहून ओरडला. त्यायच्या बोलीत आईले याडी म्हणतात. मग मले म्हणे, "ताई, नशीब पहा. खाद्य आमचं, पिलं तुमची! पिलायसंगच व्हिडिओ काढू. कंपनी खूश होऊन जाईन."

तेवढ्यात आतून सोनी ओरडली, अन् माह्या अंगावर काटा आला.

मी दोन लेकरं जणलेली बाई आहे. कळ येते अन् जाते. आली की जीव घेते, पण गेली की थोडा दम घेऊ देते. हे ओरडणं दम घेतच नोतं. एका सुरात, खालच्या आवाजात, घशातून ओढून काढल्यासारखं. मी पडद्याबाहेरून विचारलं, "आत्याबाई, काही दिसलं काय?"

"पहिलटकरीण आहे. येळ लागते."

"सकाळपासून लागून राह्यला येळ."

"तू दुकान पाय. मले शिकवू नको."

मी गिऱ्हाईकायकडे गेली, पण कान मागंच होते. कोणाले किती दाणा दिला ते माहं मलेच समजेना. मग ओकल्याचा आवाज आला. मी धावत गेली तर पडद्याखालून पिवळं पाणी वाहत आलतं.

"आत्याबाई, डॉक्टरले विचारू."

"डॉक्टर?" पडद्यामागून ती अशी बोलली की खेमसिंग दोन पावलं मागं सरला. "अडलेल्या बाया मी या हातानं सोडवल्या. आडवं आलेलं लेकरू फिरवलं. अन् एका मांजरीसाठी डॉक्टर? चूप राय तू."

मी चूप राहणारी असती तर दुकान चाललं नसतं. ओट्यावर आली अन् खेमसिंगले म्हणलं, "मांजरायच्या डॉक्टरचा नंबर आहे काय तुमच्याजवळ?" त्याच्याजवळ होता. यवतमाळात डॉक्टर अतिया म्हणून मॅडम होत्या, कुत्र्या-मांजरायचा दवाखाना चालवत. त्यानं फोन लावून दिला.

मी सगळं सांगितलं. मॅडमनं मधात टोकलं नाही. मग विचारलं, "ताई, लघवी शेवटची कधी केली?"

मले सांगता येईना. घाण मी पाहत होती, रोज पाहत होती, पण राख ओली होते की नाही हे मी कधी पाहिलंच नोतं.

"मादी आहे की बोका?"

"मादीच आहे ना मॅडम. बाळंत होऊन राह्यली."

"तुम्ही स्वतः पाहिलं आहे?"

मी वळून मागच्या खोलीकडे पाहिलं.

"ताई, आत्ता जा. शेपटी उचला, केस बाजूला करा अन् पाहा. बोका असेल तर ही बाळंतकळ नाही, त्याची लघवी अडली आहे. अन् एक लक्षात ठेवा, पोटाला हात लावू नका. दाबलं तर लघवीची पिशवी आतल्या आत फुटेल."

मी मोबाईल तसाच हातात घेऊन धावली अन् पडदा ओढला. दोरीच तुटली. सासू गोधडीवर बसलेली होती. एरंडेल तेलाची वाटी बाजूला, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले, अन् ते हात सोनीच्या फुगलेल्या पोटावर ठेवून ती वरून खाली ओढायच्या तयारीत होती. बायायचं पोट ती असंच चोळत असे.

"आत्याबाई, हात काढा!"

तिनं ऐकलं नाही. मी तिचं मनगट धरलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मी तिले कधी असं धरलं नोतं. ती माह्याकडे पाहतच राहिली. मी गुडघ्यावर बसली, सोनीची शेपटी उचलली. तिनं माह्या हातावर नखं ओढली, रक्त आलं, पण तिच्यात जोर राहिला नोता. केस बाजूला केले. अन् मले बोरायएवढ्या दोन गोट्या दिसल्या, साफ, कोणत्याही पोराले समजतील अशा.

"आत्याबाई," मी म्हणलं, "हा बोका आहे."

"चाल! काहीतरीच."

"हात लावून पहा."

तिच्या डोळ्यायत मोतीबिंदू, पण बोटं शाबूत. तिनं तेलकट बोट हळूच खाली नेलं. दाईच्या बोटाले कोण फसवणार? बोट तिथंच थांबलं. तिचा चेहरा असा उतरला की मले वाटलं हिलेच काही झालं. ती पदरानं हात पुसत राहिली, पुसत राहिली.

फोनमधून मॅडमचा आवाज येत होता. "बोका आहे? मग आत्ताच्या आत्ता निघा. त्याच्या रक्तात विष चढत असेल. थांबू नका कुठं."

खेमसिंग दारात उभा राहून सगळं ऐकत होता. "ताई," तो म्हणला, आवाज बसलेला, "आमच्या खाद्यानं तर नाही ना..."

"गाडी काढ!" मी ओरडली. "तुह्या खाद्याचं मी नंतर पाहते. आधी गाडी काढ!"

सोनीले सासूच्या मांडीवर पदरात गुंडाळून दिलं. दुकानाचं शटर अर्धंच ओढलं. गिऱ्हाईक ओरडत राहिले. मनीमौजचं फोडलेलं पुडकं मी थैलीत कोंबलं, म्हणलं, डॉक्टरले दाखवायले पाहिजे. गाडीत मागं सगळ्या त्याच पुडक्यायच्या थप्प्या, अन् समोरच्या सीटवर आम्ही दोघी.

अन् बाजार! रस्त्यावर कांदे, मिरच्या, प्लास्टिकच्या बादल्या, मधात उभ्या बैलबंड्या, एका बाजूले कापसानं भरलेला ट्रॅक्टर आडवा. खेमसिंग हॉर्न वाजवून राह्यलता, पण बाजारच्या दिवशी हॉर्न कोण ऐकते? गाडी तिथंच. पदरात सोनी कण्हत होता. मी दार उघडून खाली उतरली.

"सरका ना बाप्पा! रस्ता द्या! जीव चालला इथं!"

एक भाजीवाली गाडीत डोकावली. तिले दिसली ती म्हातारी रुखमाबाई, सारा मुलूख ओळखते तिले, तेलानं माखलेले हात अन् पदरात झाकलेलं काहीतरी. "रुखमाआजी, कोण अडली वं?"

सासूनं पदर अजून घट्ट ओढला. मीच म्हणलं, "सोनी अडली."

झालं! त्या बाईनं अशी आरोळी ठोकली की सारा रस्ता हलला. "अडलेली बाई आहे! वाट द्या! वाट द्या!" बादल्या उचलल्या, कांद्याचे पोते ओढले, पोट्ट्यायनं बैलबंडी हातानं ढकलून नालीकडे लावली, ट्रॅक्टरवाला शिव्या खात मागं गेला. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. मी कोणाले सांगितलं नाही की आत मांजर आहे. आजही सांगितलं नाही.

गावाबाहेर गाडी लागली अन् माहं तोंड सुटलं. आजपर्यंत मी त्याले भाऊ म्हणत होती, तुम्ही म्हणत होती, आता सगळं गेलं. "काय टाकते बे तुही कंपनी त्याच्यात? मीठ? रेती? मी तुले फोन करून विचारलं, खारट काहून लागते, अन् तू म्हणतं चवीसाठी! मांजरीले चव पाहिजे की जीव? या जिवाले काही झालं ना खेमसिंग, तर तुही गाडी मी घाटंजीत येऊ देणार नाही. एकेका दुकानात जाऊन सांगीन. व्हिडिओ पाहिजे ना तुले? काढते व्हिडिओ!"

तो बिचारा समोर पाहून गाडी हाकत राहिला. कपाळावर घाम. एकदाच म्हणला, "ताई, मले जेवढं कंपनीनं सांगितलं तेवढंच मी सांगितलं." मले अजून राग आला, कारण ते खरं वाटत होतं.

माह्या बोलण्याकडे सासूचं ध्यान नोतंच. पदरात बोट घालून ती सोनीच्या छातीवर ठेवून बसली होती. खड्डा आला की स्वतः उचलली जाई पण मांडी हलू देत नोती. मधातच मले समजलं की गाडीत फक्त इंजिनचा आवाज आहे.

"दीपमाला," सासू म्हणली, "हा चूप झाला वं."

पहिल्यांदा तिनं 'हा' म्हणलं. मी पदर सरकवून पाहिलं. डोळे अर्धे उघडे, तोंडाले फेस, पोट ताणलेलं. खेमसिंगनं न सांगता गाडी अजून जोरात दामटली.

डॉक्टर अतिया दारातच उभ्या होत्या. वय फार नोतं, पण हात भरभर चालणारा. सोनीले टेबलावर घेतलं, पोटाले नुसती बोटं टेकवली अन् म्हणल्या, "लघवीची पिशवी लिंबाएवढी असायला पाहिजे, ती संत्र्याएवढी झाली आहे. गुंगी देऊन नळी घालावी लागेल. नळी गेली तर ठीक. ताई, मी खोटी आशा देत नाही. अशा वेळी गुंगीतच हृदय बंद पडू शकतं."

सासू भिंतीले टेकली.

हाताखालची मुलगी सुई भरून राह्यलती तेवढ्या वेळात मॅडमनं विचारलं, "खायला काय देता?"

मी याचीच वाट पाहत होती. थैलीतून पुडकं काढलं अन् टेबलाच्या कडेले आपटलं. "हे. महिनाभर फक्त हे. मी दाणा चाखून पाहिला मॅडम, खारट आहे. पाण्यात टाकला तर रंग सोडते. हा उभा आहे विकणारा, विचारा याले." खेमसिंगनं मान खाली घातली.

मॅडमनं पुडकं उलटं करून मागचं बारीक छापलेलं वाचलं. "फार चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. यात क्षार जास्त दिसतात. पण असलं खाऊनही कितीतरी बोके ठीक राहतात. कोरडं खाणाऱ्याला पाणी लागतं, सारखं, समोर भरलेलं. पाणी किती पीत होता?"

"भांडं असते की," मी म्हणलं. "रोज सकाळी मीच भरून ठेवते."

"भांडं मी उचललं होतं."

आम्ही सगळ्यायनं मागं वळून पाहिलं. सासू भिंतीशी उभी होती. आवाज लहान, पण शब्द साफ.

"भरली असं मले वाटलं, तेव्हापासून. तू भरून जाय, अन् मी ओतून देई. दिवस भरलेलीले गार पाणी देत नाहीत. पोटात वारं धरते. चमचाभर कोमट पाणी देत होती, ओवा टाकून. बायायले असंच करतात. मी असंच करत आली."

खेमसिंग माह्या तोंडाकडे पाहत होता, आता ही फुटणार म्हणून. अन् माह्या पोटातून राग वर आलताच. गाडीत याले सोलून काढलं, अन् पाणी तोडणारी माह्या बाजूले बसली होती! जिभेवर शब्द आले. तिच्या हातावर नजर गेली. तेल पुसूनही निघालं नोतं, त्याच्यावर हळदीच्या रंगाचे केस चिकटलेले. मी पुडकं उचलून वापस थैलीत टाकलं.

"ते नंतर," मॅडम म्हणल्या अन् दार लोटून घेतलं.

बाहेर बाकड्यावर बसली मी. सासू बसेना. दाराशी उभी राहिली, कान लावून. किती लोकायच्या दाराआत ती राहिली, अन् बाहेर लोक असेच कान लावून उभे राहिले. आता ती बाहेर होती. आतून भांड्यायचा आवाज, मॅडमचं हळू बोलणं, "थोडं वळव... नाही, परत... सलाईन दे..." मग बराच वेळ काहीच नाही. मी बुद्धाचं नाव घेतलं. खेमसिंगनं सेवालालबापूचं घेतलं असन, ओठ हलून राह्यलते त्याचे. मले आता त्याच्यावर राग धरता येईना अन् त्याची माफीही मागता येईना.

अन् मग स्टीलच्या ट्रेमध्ये धार पडल्याचा आवाज आला. आधी थेंब थेंब, मग सरळ धार.

सासूनं दोन्ही हात वर नेले. "मोकळी झाली!" ती ओरडली. "मोकळी झाली वं माय!" अन् मग स्वतःच, रडत, हसत, "मोकळा झाला."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यायच्या कपाळावर घाम होता. रक्त आहे म्हणल्या, दोन-तीन दिवस इथंच ठेवावं लागन, किडनीवर किती मार बसला ते उद्या तपासून समजन. पण आजचा धोका टळला. सासू त्यायच्या पाया पडायले वाकली तर त्यायनं तिले वरच्या वर धरलं.

खेमसिंग माह्याजवळ आला. "ताई, कंपनीले काय सांगू?"

"सांग की माल पास नाही," मी म्हणलं. "मीठ कमी करा म्हणावं. अन् पुडक्यावर डोळा मारणारी मांजर काढून तिथं मराठीत मोठ्या अक्षरात छापा, पाणी भरून ठेवा. ते झाल्यावर ये. मी पुन्हा महिनाभर पाहीन. त्याआधी एक पुडकं माह्या दुकानात नाही." मग माह्या तोंडून निघालं, "गाडीत लय बोलली मी तुमाले भाऊ." त्यानं मान हलवली अन् चहा आणतो म्हणून बाहेर गेला.

आम्ही दोघीच राहिलो. सासू आता माह्या बाजूले बाकड्यावर बसली. स्वतःच्या हाताकडे पाहत होती.

"दीपमाला."

"हं."

"तुही पहिली पोरगी झाली तेव्हा तू पाणी मागत होती."

मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"लोटा मी फळीवर ठेवला होता. तू रडे, अन् मले वाटे नखरे करून राह्यली. नव्या पोरीयले सोसवत नाही म्हणे मी." ती माह्याकडे वळली. "लय तहान लागली होती काय वं तुले?"

मी साऱ्या बाजारासंग भांडणारी बाई. मनात किती वेळा मी हे तिले ऐकवलं होतं, एकेक शब्द घासून ठेवला होता.

"लय," मी म्हणलं. "ताप होता म्हणून तुम्ही कपाळावर ओला फडका ठेवला होता ना आत्याबाई, तो मी चोखला. तुम्ही झोपल्यावर."

तिनं तोंडाले पदर लावला. "किती जणी असतील वं तशा," ती पदरातूनच म्हणली. "किती जणी."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. कोपऱ्यात पाण्याचा कॅन होता, त्याच्यावर स्टीलचा गिलास. तिनं गिलास काठोकाठ भरला, दोन्ही हातानं धरून, सांडत सांडत माह्यासमोर आणला अन् उभी राहिली.

"पी," म्हणली.

मले तहान नोती. मी सारा प्याली.